लाइट चेक करतो, जरा बसा

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली जुन्या चपला साठतात ना, तसेच किस्से साठतात. कुणाची, कधीची, जोडीतली दुसरी कुठे गेली, काही पत्ता नसतो. पण फेकून द्यायलाही हात धजत नाही. माझ्याकडे असा बराच ढीग जमलाय, आणि त्यातले बहुतेक किस्से बोनाच्या फोटो स्टुडिओतले आहेत.

भाईंदर पश्चिमेला मार्केटच्या मागच्या गल्लीत आमची सोसायटी. तळमजल्याला गाळे आहेत. एकात मेडिकल, एकात फरसाणवाला आणि कोपऱ्यात बोनाचा स्टुडिओ. बोना उत्तनचा. घरचे सगळे मासेमारीतले, फक्त याचा बाप चर्चमधल्या लग्नांचे फोटो काढायचा, तेच याने उचललं. खरं नाव बोनाव्हेंचर. पण तेवढं म्हणेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं, म्हणून बोना!

त्याच्या कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, भिंतीशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे. ती माझी. दुपारची भांडी आवरली की मी खाली येऊन बसते. काम काही नाही, बोलायचं. बोनाच म्हणतो, "बसा काकू. तुमी असल्या की गिऱ्हाईक बुजत न्हाय."

फोटो काढायला आलेली माणसं ठरलेलेच प्रश्न विचारतात. हसू का? कान दिसले पाहिजेत का? चष्मा काढू? डोळे मिटले का? जरा गोरं करून मिळेल का? पण त्या एका प्रश्नातून माणसाचं अख्खं घर कळतं. मला तर कळतंच, कारण मी पुढचं विचारते ना!

फक्त एक माणूस बोनाच्या स्टुलावर कधी बसला नव्हता. आमचे हे. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एक फोटोत ह्यांचे डोळे मिटलेले. सासूबाई म्हणायच्या, "माझा मुलगा स्वतःच्या लग्नाला हजर होता, पण त्याने काही बघितलं नाही!" तेव्हापासून ह्यांनी कॅमेऱ्याचं नावच टाकलं. कुणी मोबाइल वर केला की हे चहाचे कप आत न्यायला उठायचे.

यंदा ह्यांना खोकला लागला. आणि मग कळलं की तो नुसता खोकला नाही. मुलगी नाशिकला असते. तिने फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, बाबांचा डोळे उघडे असलेला एक तरी फोटो आहे का गं?"

मी म्हटलं, बघते. तेव्हापासून बघतेच आहे.

*

तर पहिला प्रश्न: हसू का?

तिसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन पासपोर्टसाठी फोटो काढायला आल्या होत्या. नवरा गेला, मुलगा कॅनडात, त्याने बोलावलेलं. स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बोनाभाई, हँसना है कि नहीं?"

"नहीं बेन. पासपोर्ट में हँसना मना है."

"ठीक है. विसा के बाद हँसूँगी."

व्हिसा मिळाला नाही. काही महिन्यांनी परत फोटो, परत अर्ज, परत नकार. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा चेहरा असा, की बोनाच म्हणाला, "बेन, इस बार थोडा नॉर्मल रखो. आपका फोटो देख के वो लोग को लगता है, ये गई तो वापस नहीं आएगी!"

जिग्नाबेन सरळ कॅमेऱ्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "तो सही लगता है ना उन लोग को. वापस आऊँगी किसके पास?"

मी एरवी लगेच काहीतरी बोलते. त्या दिवशी उठून पंखा वाढवला.

*

यातला एक माणूस काढता येईल का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. एक बाई आल्या, काशीगावच्या बाजूला राहणाऱ्या. पिशवीतून फ्रेम काढली. मुलीच्या साखरपुड्याचा फॅमिली फोटो. म्हणाल्या, "ह्यातले जावई काढायचेत."

मी विचारलं, "गेले का हो?"

"जातायत कसले! कोर्टात उभे आहेत!"

बोनाने फोटो कॉम्प्युटरवर घेतला. जावई काढले, मागची फुलांची माळ तिथपर्यंत ओढली, छान केलं. पण मुलीच्या खांद्यावर एक हात राहिला. मनगटात जाडजूड घड्याळ, हाताला केस!

बाई म्हणाल्या, "अहो, हा हात कोणाचा?"

"त्यांचाच हाय."

"मग काढा की!"

बोनाने बराच वेळ खटपट केली. मग माउस सोडला. "मावशी, हात काढला तर पोरीचा खांदा पन जातो."

बाई त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. मुलगी त्या फोटोत केवढी हसत होती, विचारू नका. शेवटी म्हणाल्या, "राहू दे. विचारलं कोणी तर सांगेन, आजीचा आहे."

"घड्याळाचं काय सांगाल?" मी म्हटलं.

"आजीला वेळेचं फार होतं!"

फ्रेम पिशवीत घालून निघाल्या, पण दारातून वळून परत आल्या. म्हणाल्या, "आधीचा पण ठेवा हो कॉम्प्युटरमध्ये. पुसू नका."

*

कुठे बघायचं?

हा बोनाच्या गावचा किस्सा, त्यानेच सांगितलेला. त्यांच्याकडे माणूस गेलं की पेटी दारात ठेवतात, सगळं घरदार भोवती उभं राहतं आणि एक शेवटचा ग्रुप फोटो काढतात. लांबची माणसं येतात, परत कधी एकत्र येतील सांगता येत नाही, म्हणून. तर बोनाचा मोठा काका गेला. फोटो काढायला बोनाच. दुसरा कोण?

सगळे रडून रडून थकलेले. माणसं पेटीच्या मागे उभी राहिली, पोरं पुढे बसवली. बोनाने कॅमेरा लावला आणि मागून काकी विचारते, "बोना, आमी बघायचं कुठं रं? तुज्याकडं का यांच्याकडं?"

झालं! तिथेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणतात, फोटो आहे तर कॅमेऱ्याकडे बघायला हवं. दुसरे म्हणतात, मयत सोडून कॅमेऱ्याकडे बघणं बरं दिसतं का? वसईचे पाहुणे म्हणाले, आमच्याकडे तर वर बघतात! फादर येऊन ताटकळलेत आणि इथे हा वाद.

बोना कॅमेऱ्यामागून म्हणाला, "त्याच्याकडं बघा रे. कॅमेरा उद्यापन हाय."

त्या फोटोत एकाचाही चेहरा नीट दिसत नाही, सगळ्यांच्या माना खाली. बोना म्हणतो, आयुष्यात मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तोच.

*

आता तांबेकाकांचं ऐका.

दुसऱ्या विंगेतले तांबेकाका सकाळी दूध आणायला गेले आणि दुपारी गेल्याची बातमी आली. साठी उलटून फार दिवस झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मुलगी स्टुडिओत. भिंतीवर लावायला फोटो हवा आणि घरात फोटो नाही!

आधार कार्डावरचा मोठा करून बघितला. मुलगी म्हणाली, "हे बाबा नाहीत. ह्यांना पोलीस शोधत असतील!" आणि रडायलाच लागली.

मुलाने मोबाइल काढला. फोटोंना तोटा नव्हता. नातवाचे, लोणावळ्याचे, पावभाजीचे, कुठल्याशा कुत्र्याचे. काका एकातही नाहीत, कारण मोबाइल धरायला तेच असायचे ना! एका फोटोच्या कोपऱ्यात मात्र धुरकट काहीतरी मध्ये आलेलं. बोनाने मोठं केलं. अंगठा.

"हा बाबांचा आहे," मुलगा म्हणाला, आणि खाली लादीवरच बसला.

शेवटी कुणाच्या तरी लग्नातला एक सापडला. पंगतीच्या मागे, खांबाआड, काका चोरून जिलबी खात होते! तोंड भरलेलं, डोळ्यांत पकडले गेल्याचा भाव. बोना म्हणाला, जिलबी काढून टाकतो, गाल पण जरा बसवतो. तेवढ्यात काकी आल्या. त्यांनी फोटो बघितला.

"काही काढू नका," काकी म्हणाल्या. "शुगर शुगर करून आम्ही त्यांना कधी खाऊ दिली नाही. आता खाऊ देत."

तोच फोटो लागला. अजून आहे.

त्या दिवशी बोनाने शटर लवकर ओढलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला एक नवी सवय लागली. मला ती कळायला फार वेळ लागला.

*

सवय अशी. कुणी म्हातारं माणूस पेन्शनसाठी, बँकेसाठी पासपोर्ट साइज काढायला आलं की तो आधी त्याचं काम करायचा. सरळ बसा, हनुवटी वर, झालं. माणूस उठायला लागला की म्हणायचा, "उठू नका आजोबा. लाइट चेक करतो, जरा बसा."

मग ती दिव्यावरची पांढरी छत्री इकडून तिकडे करायचा आणि मला विचारायचा, "काय काकू, काल टँकरचं काय झालं?"

आता विचारल्यावर मी गप्प बसते का?

आमच्या बिल्डिंगमधले कारखानीस आजोबा बसले होते तेव्हा मी खरंच टँकरचं सांगत होते. सोसायटीत पाणी नव्हतं, टँकर येऊन गेटवरून चुकून पुढे गेला, आणि आमचे सेक्रेटरी डोक्याला साबण, कमरेला टॉवेल असे त्याच्या मागे थेट नाक्यापर्यंत पळाले! आजोबा एवढे हसले की स्टुडिओचा कोट त्यांच्या खांद्यावरून घसरला. बोनाकडे एकच काळा कोट आहे, सगळी बिल्डिंग आळीपाळीने घालते.

दिवाळीनंतर आजोबा गेले. मी हार घेऊन गेले, बघते तर भिंतीवर आजोबा तोच कोट घालून खदाखदा हसतायत! आणि कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, जरा डावीकडे बघतायत. माझ्या हातात हार तसाच. मला वाटलं, हे अजून टँकरचंच ऐकतायत.

सूनबाई म्हणाल्या, "काकू, किती छान आलाय ना? बोनाने स्वतः आणून दिला. कधी काढला होता, देव जाणे!"

मला चैन पडेना. पुढच्या आठवड्यात मी काही ना काही निमित्त काढून बिल्डिंगमधल्या आणखी घरांत जाऊन आले. कुठे विरजण मागितलं, कुठे मिक्सरचं भांडं. ज्यांच्या ज्यांच्याकडे त्या वर्षात कुणी गेलं होतं, तिथे भिंतीवर हसरा चेहरा, आणि नजर जरा डावीकडे. माझ्या खुर्चीकडे.

मी तडक खाली आले. "काय रे बोना! मला न सांगता?"

तो लेन्स पुसत होता. मान वर केली नाही. "सांगून काढला तर म्हातारी मानसं मेल्यासारखं तोंड करतात, काकू. मेल्यावर तरी जित्यासारखं दिसायला पायजे ना?"

"आणि मी?"

"तुमी बोलता म्हनून तर ती इसरतात."

*

ही गोष्ट मी फक्त जिग्नाबेनना सांगितली. तेही "किसीको बोलना मत" असं बजावून. संध्याकाळी वॉचमन मला विचारतो, "काकी, मेरा भी लाइट चेक हो गया क्या?"

झालं, सगळीकडे पसरलं! म्हातारी माणसं पासपोर्ट साइज काढायला स्टेशनजवळच्या स्टुडिओत जायला लागली. सेक्रेटरी एकदा बसले होते, बोना नुसता म्हणाला, "साहेब, लाइट..." तर टुणकन उठले! "ए, मी अजून कमिटीवर आहे!"

पाटीलआजींची गोष्ट वेगळी. त्या स्वतः खाली आल्या. काठाचं नऊवारी, नथ, केसात अबोली. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी लाइट नीट चेक कर रे बाबा. माझ्यामागे सुना सगळ्यावरून भांडणार आहेत. फोटोवरून तरी नको."

आजी अजून ठणठणीत आहेत. दर दसऱ्याला येतात. "मागचा जुना झाला रे, नवीन काढ."

आमच्या ह्यांना मी रात्रीच्या जेवणाला हे सगळं रंगवून सांगितलं होतं. तेव्हा खोकला नव्हता. हे भात कालवत म्हणाले, "तुझा तो बोना माणसाला न विचारता भिंतीवर नेऊन ठेवतो. मी काही त्याच्याकडे जाणार नाही."

पुढे खोकला सुरू झाला. आणि माझ्या लक्षात आलं की हे जिन्यातून उतरले की स्टुडिओकडे पाठ करून, फरसाणवाल्याच्या बाजूने जातात. बोनाच्याही ते लक्षात आलं. तो ह्यांच्यासमोर 'लाइट' हा शब्दही काढायचा नाही. एकदा खरोखरची लाइट गेली तरी ह्यांना म्हणाला, "काका, करंट गेलाय वाटतं."

*

आमच्याकडे जुनी माणसं एक्स-रेला फोटोच म्हणतात. "छातीचा फोटो काढायला सांगितलाय."

तर ह्यांच्या छातीचा फोटो काढायला आम्ही काशीमीराच्या बाजूला एका हॉस्पिटलात गेलो. घरातून निघताना ह्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गॅस बंद केलास ना?" हा ह्यांचा जन्माचा प्रश्न. लग्न झाल्यापासून उंबरा ओलांडला की विचारणार म्हणजे विचारणार. मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, माझे डोळे भरून आलेले, आणि हे माझ्या कानाशी: "गॅस बंद केला होतास ना?"

आत एक्स-रेवाल्याने ह्यांना शर्ट काढून मशीनला टेकून उभं केलं. म्हणाला, "काका, हलू नका. श्वास धरा."

दार जरा उघडं होतं, मला ऐकू आलं. हे विचारत होते, "हसू का?"

"हसा काका," तो म्हणाला. "ह्यात काही फरक पडत नाही."

डॉक्टरांनी तो फोटो स्क्रीनवर दाखवला. बोट ठेवून दाखवलं. मला काही कळलं नाही, फक्त एक पांढरं काहीतरी दिसत होतं. डॉक्टर बोलत होते, पुढच्या तपासण्या सांगत होते. मी ह्यांच्याकडे बघत होते आणि हे स्वतःच्याच छातीकडे, स्क्रीनवर, टक लावून.

पुढच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांना शंका होती तेच निघालं. त्या दिवशी परत येताना रिक्षा काशीमीराच्या सिग्नलला अडकली. दोन्हीकडून ट्रक, धूर, हॉर्न. हे तोंडावर रुमाल धरून बसलेले. मग रुमाल बाजूला केला.

"आयुष्यात माझा एकच फोटो नीट आला. आणि तोच यायला नको होता!"

मी हसले. काय करणार? हसण्यासारखं होतं. मग सिग्नल सुटला, रिक्षा हलली, आणि ह्यांनी विचारलं, "निघताना गॅस बंद केला होतास ना?"

एरवी मी "हो हो हो" करून डाफरते. त्या दिवशी म्हटलं, "केला होता."

*

सोमवारपासून इंजेक्शनं सुरू व्हायची होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, केस जातील, वजन उतरेल, घाबरू नका.

आदल्या शुक्रवारची दुपार. मी माझ्या खुर्चीत. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, बोना पडद्याला इस्त्री करत होता. मी त्याला काहीतरी सांगत होते, आणि तो इस्त्री हातात धरून दाराकडे बघत राहिला. मी वळून बघितलं.

दारात हे उभे.

दाढी घोटून केलेली. भांग पाडलेला. मुलीच्या लग्नात घातलेला क्रीम शर्ट, तो आता खांद्यावर लोंबत होता. जिना उतरून आल्यामुळे धाप लागलेली. धाप ओसरेपर्यंत हे दाराची चौकट धरून उभे राहिले, बोर्ड वाचतोय असं दाखवत.

"बोना, पासपोर्ट साइज काढायचाय."

"कशाला पायजे काका?" बोनाने विचारलं. तो सगळ्यांनाच विचारतो, कारण साइज वेगवेगळी असते.

"लागतात," हे म्हणाले.

बोनाने खुंटीवरचा कोट काढला. हे म्हणाले, "नको. तो कारखानिसांच्या भिंतीवर आहे."

हे स्टुलावर बसले. बोना कॅमेऱ्यामागे गेला. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही.

फ्लॅश पडला.

"डोळे मिटले का?" ह्यांनी विचारलं.

"मिटले काका. परत घेऊ."

परत मिटले. पुन्हा घेतला, पुन्हा मिटले. हे म्हणाले, "बघ, लग्नापासूनची सवय आहे." शेवटी एका फोटोत एक डोळा पूर्ण आणि एक अर्धा उघडा आला. बोनाने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "झालं काका. चालंल. उठा."

हे उठले नाहीत.

बोना उगाच कॅमेऱ्याची पट्टी गुंडाळायला लागला. बाहेर फरसाणवाल्याच्या कढईत काहीतरी पडल्याचा आवाज आला. हे तसेच बसून. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"काय रे," हे म्हणाले, "आमची लाइट नाही चेक करायची?"

बोनाने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पट्टी परत सोडली. छत्रीपाशी गेला. छत्री होती तिथे बरोबर होती, तरी त्याने ती थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली, आणि परत होती तिथेच आणून ठेवली.

"करतो काका. जरा बसा."

कॅमेऱ्यामागे जाऊन तो थांबला. त्याने मला काही विचारलं नाही. ना टँकरचं, ना पाण्याचं.

ह्यांनीच मान वळवली. माझ्याकडे.

"बोल काहीतरी," हे म्हणाले.

इतकी माणसं त्या स्टुलावर बसली, कुणासमोर म्हणून माझी जीभ अडली नव्हती.

"अगं, अख्ख्या बिल्डिंगशी बोललीस," हे म्हणाले. "माझ्या वेळेला बरी गप्प?"

मी पदर हातात धरला. आठवायला गेले तर एक किस्सा आठवेना. सगळा ढीग कुठे गेला कोण जाणे. हे वाट बघत होते. मग जे तोंडात आलं ते बोलले.

"अहो, गॅस बंद करून आलात ना?"

ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग खांदे हलायला लागले. मग आवाज आला. किती तरी महिन्यांनी असे हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि हसता हसता माझ्यावरून नजर म्हणून काढली नाही.

फ्लॅश पडला.

ह्यांनी रुमालाने तोंड पुसलं. धाप आवरली. विचारलं, "मिटले का रे?"

"न्हाय काका," बोना कॅमेऱ्यामागूनच म्हणाला. "लाइट बरोबर हाय."